पेशी धुण्याचं यंत्र हवं, पण ते जिल्ह्याचं हवं

डेंग्यूच्या दिवसांत नाशिकमध्ये प्लेटलेटसाठी धावपळ होते. दाता शोधावा लागतो, व्हॉट्सॲपवर निरोप फिरतात, पैसेही बरेच मोजावे लागतात. पण शेवटी काम होतं. एकाच दात्याकडून यंत्रावर प्लेटलेट काढून घेण्याची, म्हणजे एसडीपीची, सोय शहरात आहे. दात्याच्या हातातून रक्त यंत्रात जातं, यंत्र त्यातल्या प्लेटलेट बाजूला काढतं आणि उरलेलं रक्त परत त्याच्याच अंगात सोडतं. एकेकाळी याचं अप्रूप होतं. आता इस्पितळाबाहेरच्या चहावाल्यालाही एसडीपीचा भाव ठाऊक असतो. हे यंत्र इथे आलं ते कुणाच्या आंदोलनामुळे नव्हे. त्याला दर पावसाळ्यात गिऱ्हाईक होतं, म्हणून आलं.

रक्तावर काम करणारं दुसरंही एक यंत्र असतं. ते दात्याला जोडत नाहीत. रक्तपेढीत साठवलेल्या पिशवीतल्या तांबड्या पेशी ते सलाइनने धुऊन काढतं. त्याच्यासाठी निरोप फिरत नाहीत. धुतलेल्या पेशी ज्यांना लागतात ते रुग्ण थोडे, ठिकठिकाणी विखुरलेले, आणि आपल्याला नेमकं काय लागतंय हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंही नसतं. माझं म्हणणं असं, की हे यंत्र नाशिकला यावं. मात्र एखाद्या बड्या इस्पितळाच्या फलकावर झळकण्यासाठी नको. ते जिल्हा रुग्णालयाच्या रक्तपेढीत असावं, आणि जिल्ह्यातल्या किंवा शेजारच्या धुळे-नंदुरबारमधल्या कुठल्याही पेढीने पिशवी पाठवावी आणि धुऊन न्यावी, अशा बोलीवर असावं. ती बोली आधी ठरणार नसेल तर यंत्र न आलेलं बरं, इथपर्यंत माझी तयारी आहे.

धुतात म्हणजे काय करतात? दात्याने दिलेल्या ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्तातून पेढीत तांबड्या पेशी, रक्तद्रव आणि प्लेटलेट वेगवेगळे करतात. नातेवाइकांच्या हाती 'पीसीव्ही' म्हणून जी पिशवी पडते, तिच्यात मुख्यतः तांबड्या पेशी असतात. पण थोडा रक्तद्रव आणि पेशी टिकाव्यात म्हणून घातलेलं द्रावण त्यांच्यासोबत उरतंच. बहुतेकांच्या अंगाला ते चालून जातं. काहींना त्या उरल्यासुरल्या रक्तद्रवातल्या प्रथिनांचंच वावडं असतं. पिशवी लावली की अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब खाली येतो. एखाद्या वेळी झालं तर इंजेक्शन देऊन निभावून नेता येतं. दरवेळी होऊ लागलं, किंवा पहिल्याच खेपेला जिवावर बेतलं, तर पुढची पिशवी धुऊनच द्यावी लागते. काही माणसांच्या रक्तात इम्युनोग्लोब्युलिन ए हे प्रथिन जन्मापासून नसतं आणि त्यातल्या काहींच्या अंगात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असतात. अशांना दुसऱ्याचा थोडासा रक्तद्रवही जीवघेणा ठरू शकतो.

दुसरा मोठा गट तान्ह्या बाळांचा. साठवलेल्या पिशवीत तांबड्या पेशींमधून पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपत राहतं. पिशवी ४२ दिवसांच्या मुदतीच्या अखेरीला पोहोचते तेव्हा पेशींभोवतीच्या द्रवात ते बरंच साचलेलं असतं. मोठ्या माणसाला सावकाश एक पिशवी दिली तर ते अंगात मुरून जातं. पण दीड-दोन किलोच्या बाळाला वजनाच्या मानाने भरपूर रक्त झटपट द्यायची वेळ आली, तर तेच पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. म्हणून अशा बाळासाठी ताजं रक्त शोधतात. ते मिळालं नाही, किंवा पिशवीवर किरणांचा मारा केलेला असला (त्याने पोटॅशियम आणखी झिरपतं), तर पेशी धुऊन घेतात. कधी कधी बाळाच्या रक्ताशी जुळणारं रक्त फक्त त्याच्या आईचं असतं, पण तिच्याच रक्तद्रवात बाळाच्या पेशींवर हल्ला करणारी प्रतिपिंडं असतात. तेव्हा आईच्या पेशी घ्यायच्या आणि तिचा रक्तद्रव धुऊन टाकायचा, एवढा एकच रस्ता उरतो.

हे काम हाताने होतं, आणि आपल्याकडे मुख्यतः हातानेच होत आलं आहे. पिशवीत निर्जंतुक सलाइन सोडायचं, हलक्या हाताने मिसळायचं, थंड सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायचं, वर आलेलं पाणी दाबून काढून टाकायचं, आणि हेच दोन-तीनदा. तांदूळ धुताना पाण्याबरोबर चार दाणे जातातच, तशा इथेही पेशी वाया जातात. पिशवीतल्या दहा ते वीस टक्के पेशी कमी होऊ शकतात. हात सराईत असेल तर कमी, नवखा असेल तर जास्त. आणि हे सगळं करणारा टेक्निशियन त्या तास-दीड तासात क्रॉसमॅच, म्हणजे रक्त जुळतं का याची तपासणी, करू शकत नाही, खिडकीवर थांबलेल्या नातेवाइकाला उत्तर देऊ शकत नाही. रात्रपाळीला पेढीत किती माणसं असतात हे ज्याने तिथे रात्र काढली आहे त्याला विचारावं.

यंत्रात एक गोल वाटी गरगर फिरते. जड पेशी कडेला दाबल्या जातात, सलाइन आत येत राहतं, रक्तद्रव मिसळलेलं पाणी वेगळ्या पिशवीत बाहेर पडतं. किती सलाइन, किती वेग, कधी थांबायचं, हे यंत्र ठरवतं. नळ्या आणि वाटी यांचं किट दर वेळी नवं असतं. फायदा वेळेचा आहे, पण तो मला दुय्यम वाटतो. खरा फायदा असा, की मंगळवारी दुपारी धुतलेली पिशवी आणि शनिवारी पहाटे तीनला धुतलेली पिशवी सारखीच निघते.

शिवाय मुदतीचा प्रश्न आहे. धुताना पिशवी उघडावी लागली की तिच्यात जंतू शिरण्याची शक्यता येते, आणि पेशींना जगवणारं द्रावणही वाहून गेलेलं असतं. म्हणून धुतलेली पिशवी थंड पेटीत ठेवूनही २४ तासांच्या आत वापरायची असते. नंतर ती टाकून द्यायची. पूर्ण बंद नळ्यांच्या यंत्रात धुऊन शेवटी पोषक द्रावण घातलं तर ही मुदत वाढू शकते. ब्रिटनमध्ये अशा पिशवीला १४ दिवस देतात. आपल्याकडे मात्र रोजचा व्यवहार २४ तासांच्या हिशोबानेच चालतो, आणि माझ्या सगळ्या युक्तिवादाचं मूळ या २४ तासांत आहे.

समजा सुरगाणा तालुक्यातली एक मुलगी आहे, थॅलेसेमियाची. तिला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, आयुष्यभर लागणार आहे, आणि तिला प्रत्येक पिशवीला रिॲक्शन येते. सुरगाण्याहून दिंडोरी-वणीमार्गे नाशिक नव्वदेक किलोमीटर. बाप रोजगार बुडवून तिला घेऊन येतो. तिच्या रक्ताचा नमुना घ्यायचा, जुळणारी पिशवी शोधायची, मग ती धुवायची, मग लावायची. पिशवी आदल्या दिवशी धुऊन ठेवावी तर मुलगी एसटी चुकून उशिरा आली तर मुदत संपण्याची भीती. ती आल्यावर धुवावी तर धुणारा माणूस दुसऱ्या कामात. यात कुणी वाईट नाही, पण मुलगी संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहते. २०२२च्या डिसेंबरमध्ये सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी आम्हाला गुजरातमध्ये जाऊ द्या अशी मागणी केली, तेव्हा मुंबईत आणि नाशकात त्याची थट्टा झाली. त्या मागणीत रस्ते होते, पाणी होतं आणि दवाखानेही होते. सीमेपलीकडच्या वलसाडमध्ये सिकलसेलवर, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजारावर, कित्येक वर्षं चिकाटीने काम झालं आहे. त्या कामासाठी यझदी इटालिया यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. आपल्याकडच्या माणसाला तिकडचा दवाखाना जवळचा वाटला तर त्याच्या मराठीपणाची परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मग सरसकट सगळ्यांनाच धुतलेल्या पेशी द्याव्यात. या यंत्राची मला खरी धास्ती वाटते ती नेमकी इथे. धुतलेलं म्हणजे शुद्ध, आणि शुद्ध म्हणजे चांगलं, हा समज आपल्या मनात फार खोल रुजलेला आहे. रक्ताच्या बाबतीत तो चुकीचा आहे. धुण्याने एचआयव्ही किंवा काविळीचे विषाणू जात नाहीत. त्यासाठी दात्याची नीट निवड आणि चाचण्याच लागतात. धुण्याने थॅलेसेमियाच्या मुलांच्या अंगात साठणारं लोह कमी होत नाही, कारण ते लोह पेशींच्या आतल्या हिमोग्लोबिनमधून येतं. पांढऱ्या पेशी थोड्या कमी होतात, पण पुरेशा नाहीत. आणि ज्याला गरज नाही त्याला धुतलेली पिशवी दिली तर त्याच्या वाट्याला कमी पेशी येतात, त्याही धुण्याच्या फिरक्यांमधून थोड्या नाजूक झालेल्या. म्हणजे जास्त पैसे देऊन कमी रक्त.

हे यंत्र खाजगी स्पर्धेत उतरलं तर नेमकं हेच विकलं जाईल. प्लेटलेटचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय त्या सहसा द्याव्या लागत नाहीत, असं डॉक्टरांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पण रिपोर्टवर चाळीस हजार दिसले की घरचे हादरतात, डॉक्टरही वाद नको म्हणून लिहून देतात, आणि दाता शोधायला पळापळ सुरू होते. यंत्र एकदा विकत घेतलं की त्याचा हप्ता असतो, हप्ता असला की ते चालवावं लागतं. डेंग्यूचे रुग्ण तरी हजारोंनी असतात. पेशी धुण्याची खरी गरज असलेले इतके कमी आहेत, की त्यांच्या जिवावर एखाद्या खाजगी पेढीचा खर्च निघणार नाही. तो निघायचा तर गरज नसलेल्यांना पटवावं लागेल. यात मी कुणा पेढीच्या हेतूवर शंका घेत नाही. नाशिकच्या रक्तदान चळवळीत विश्वस्त संस्थांच्या पेढ्यांचं काम मोठं आहे. पण चांगल्या माणसांनाही गणित चुकवता येत नाही.

रक्त हा बाजाराचा माल नव्हे, हे आपण देश म्हणून केव्हाच ठरवलं आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने कॉमन कॉज खटल्यात निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्या धंदेवाईक दात्यांवर बंदी आली. पेढ्यांना रक्ताची किंमत लावता येत नाही, फक्त प्रक्रियेचा खर्च घेता येतो. २०२२पासून तांबड्या पेशींच्या पिशवीला तो सरकारी पेढीत ११०० आणि खाजगी पेढीत १५५० रुपये असा बांधलेला आहे. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त मोफत द्यायचं असतं. ही चौकट मला अभिमानाची वाटते. पण गंमत अशी, की तत्त्व रक्ताला लागू आणि फाटे फुटतात ते प्रक्रियेत. पिशवी मोफत, फिल्टरचे वेगळे. पिशवी मोफत, उद्या धुण्याच्या किटचे वेगळे. गरिबाला फुकट म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा साधं, आणि त्याला जे लागतं त्यावर दर असतो.

फिल्टरचा विषय निघालाच आहे तर एक कबूल केलं पाहिजे. ज्या मुलांना आयुष्यभर रक्त लागणार आहे त्यांच्यासाठी पांढऱ्या पेशी गाळून काढणारा ल्युकोफिल्टर हा धुण्यापेक्षा जास्त मोलाचा आहे. रक्त चढताना थंडी वाजून ताप येणं, ही सगळ्यात नेहमीची तक्रार, बरीचशी पांढऱ्या पेशींमुळे असते. फिल्टरने ९९ टक्क्यांहून अधिक पांढऱ्या पेशी निघतात. फिल्टर महाग म्हणून त्याच्याऐवजी पेशी धुऊन देण्याची पद्धत आपल्या देशात वर्षानुवर्षं चालली. ती गरिबीतली तडजोड होती, आणि तडजोड म्हणून तिला मी नावं ठेवणार नाही, पण तिलाच उपचार मानून चालणार नाही. तेव्हा जिल्हा नियोजन समितीच्या टेबलावर एकाच पाकिटातले पैसे असतील, आणि फिल्टर की यंत्र असा प्रश्न असेल, तर मी फिल्टरला हात वर करीन. त्याच्या आधी सिकल आणि थॅलेसेमियाच्या प्रत्येक मुलाच्या रक्तगटाची सविस्तर तपासणी करीन. फक्त ए-बी-ओ आणि आरएच पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढी नाही, तर आरएचचे बाकीचे घटक आणि केल नावाचा आणखी एक रक्तगट सुद्धा. म्हणजे पुढे अंगात प्रतिपिंडं तयार होऊन जुळणारी पिशवीच मिळेनाशी होण्याची वेळ कमी येईल. यंत्राचा नंबर तिसरा. तिसरा आहे म्हणून तो कायम पुढच्या वर्षावर ढकलावा, हे मात्र मान्य नाही.

यंत्राच्या बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा वेगळाच आहे, आणि तो थेट महाराष्ट्राच्या मातीतला आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक असा रक्तगट शोधला की जगाने त्याला बॉम्बे हेच नाव दिलं. साध्या तपासणीत तो 'ओ' वाटतो. पण ओ गटाच्या पेशींवर असणारा एच नावाचा घटक या माणसांमध्ये नसतो, आणि त्यांच्या रक्तद्रवात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं असतात. त्यामुळे ज्याला आपण सर्वांना चालणारं रक्त म्हणतो ते ओ निगेटिव्हसुद्धा त्यांना चालत नाही. त्यांना फक्त बॉम्बे गटाचंच रक्त हवं. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या भागात हे प्रमाण इतर जगापेक्षा कितीतरी जास्त. मुंबईतली राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था अशा दुर्मीळ दात्यांची नोंद ठेवते. तरी दर वेळी चित्र तेच: कुठेतरी बाळंतपणात रक्तस्राव, कुठूनतरी दाता, आणि दोघांच्या मध्ये चारशे किलोमीटर.

यावरचा उपाय जगाला माहीत आहे. दुर्मीळ गटाच्या तांबड्या पेशी ग्लिसरॉलमध्ये घालून उणे ८० अंशांच्या आसपास गोठवल्या तर दहा वर्षं टिकतात. वितळवल्यावर मात्र ते ग्लिसरॉल काढावंच लागतं, आणि तेही टप्प्याटप्प्याने: आधी १२ टक्क्यांचं तीव्र मिठाचं पाणी, मग १.६ टक्क्यांचं, शेवटी साधं सलाइन आणि थोडी साखर. घाई केली तर पेशी पाणी शोषून फुटतात. हे काम हाताने करणं म्हणजे अंगावर काटा आणणारा प्रकार. पेशी धुण्याची स्वयंचलित यंत्रं जगभर रुजली ती बव्हंशी या कामासाठीच. राज्याने उद्या मुंबईत गोठवलेल्या बॉम्बे रक्ताचा साठा उभा केला, तर तिथली पिशवी कोरड्या बर्फात घालून कुठेही पाठवता येईल. पण धुतल्याबरोबर २४ तासांचं घड्याळ सुरू होतं, तेव्हा ती रुग्णाच्या जवळ धुतलेली बरी. ते जवळचं ठिकाण उत्तर महाराष्ट्रात कुठलं? नाशिकच.

या यंत्रांचा इतिहासही बोलका आहे. १९६२ साली आयबीएममध्ये काम करणाऱ्या जॉर्ज जडसन या इंजिनिअरच्या तरुण मुलाला रक्ताचा कर्करोग झाला. पांढऱ्या पेशी वेगळ्या काढण्याची अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतली किचकट पद्धत त्याने पाहिली आणि यापेक्षा चांगलं यंत्र करता येईल, असं त्याला वाटलं. सरकारी संस्थेतले डॉ. एमिल फ्रायराइश आणि आयबीएम यांच्या जोडीतून रक्तपेशी वेगळ्या करणारं यंत्र उभं राहिलं, आणि पुढे सत्तरच्या दशकात पेशी धुणारं यंत्रही त्याच घराण्यातून आलं. नाशिक ओझरला विमानं बांधतं, सातपूर-अंबडमध्ये सुटे भाग कातले जातात. त्यामुळे इथे लगेच कुणीतरी म्हणेल की आपणच बनवू. बनवा की. पण तोवर सुरगाण्याची मुलगी थांबायची नाही.

आता आक्षेपांकडे. मुंबई जवळ आहे, समृद्धी महामार्ग २०२५च्या जूनमध्ये पूर्ण झाला, मग नाशकात वेगळं यंत्र कशाला, असं विचारलं जाईल. मुंबई नाशिकला जवळ आहे, हे खरं. ती धडगाव-अक्कलकुव्याला जवळ नाही, साक्रीला नाही. आणि मुंबईच्या सरकारी इस्पितळांत मुंबईचंच ओझं इतकं आहे की बाहेरगावची पिशवी धुऊन देण्याला त्यांच्या यादीत शेवटची जागा मिळेल. त्यात त्यांचाही दोष नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मे महिन्यात साधं रक्त मिळत नाही, शिबिरं ओस पडतात, कॉलेजं बंद असतात, तेव्हा चैन कसली? पण मे महिन्याची टंचाई यंत्र न घेतल्याने संपणार नाही. तिला शिबिरांचं वेळापत्रक हवं. आपल्याकडे जयंती आणि गणेशोत्सवात एका दिवशी शेकडो पिशव्या गोळा होतात, त्यातल्या काही मुदत संपून वाया जातात, आणि दोन महिन्यांनी पुन्हा खडखडाट. हा नियोजनाचा प्रश्न आहे आणि त्याला पैसे जवळपास लागत नाहीत.

तिसरा आक्षेप कुणी मोठ्याने म्हणत नाही, पण मनात सगळ्यांच्या असतो: सरकारी इस्पितळात यंत्र आणलं की ते बंद पडतं. याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. नाशिककर २१ एप्रिल २०२१ विसरलेले नाहीत. झाकिर हुसेन रुग्णालयातल्या ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, पुरवठा थांबला आणि २२ रुग्ण त्या दिवशी गेले. टाकी होती, ऑक्सिजन होता. पेशी धुण्याच्या यंत्राने इतका मोठा घात होणार नाही, पण ते धूळ खात पडलं तर त्याची बातमीही होणार नाही. म्हणून मी यंत्र विकत घ्या असं न म्हणता सेवा विकत घ्या म्हणतो. यंत्र कंपनीचं राहू द्या. जिल्ह्याने धुतलेल्या प्रत्येक पिशवीमागे पैसे मोजावेत, आणि यंत्र ठरलेल्या तासांपेक्षा जास्त बंद राहिलं तर कंपनीने दंड भरावा. किट फक्त त्याच कंपनीचं चालतं, हा या यंत्रांचा जुना फास आहे. यंत्र स्वस्तात देऊन किटवर वसुली करतात. दर करारातच बांधून घेतला नाही तर दुसऱ्या वर्षी तो वर चढणार.

सिंहस्थाच्या निधीतून हे उरकून टाकू, अशी कल्पना कुणाला सुचू शकते. २०२७चा सिंहस्थ जवळ येतोय, कोट्यवधींची कामं निघताहेत, त्यात एक यंत्र सहज खपून जाईल. नको. सिंहस्थाला लागतं ते वेगळं: ऐनवेळी भरपूर साधं रक्त, ओ निगेटिव्हचा साठा, वर्दळीच्या जागांजवळ शीतपेट्या. २००३च्या चेंगराचेंगरीत तीसहून अधिक भाविक दगावले, त्या दिवशी धुतलेल्या पेशींचा काही उपयोग नव्हता. आणि पर्वणीच्या घाईत काढलेल्या टेंडरमध्ये किटचा दर बांधून घ्यायला कुणाला सवड असणार? यंत्र येईल, नारळ फुटेल, भाविक परत जातील, आणि पहिली किटं संपली की यंत्रावर कापड.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती या सगळ्या युक्तिवादाला टोचणारी आहे. सिकलसेलच्या रुग्णाला पक्षाघात झाला किंवा छातीत पेशी अडकून श्वास कोंडला, तर त्याच्या अंगातल्या विळ्याच्या आकाराच्या पेशी काढून दुसऱ्याच्या निरोगी पेशी भरण्याचा उपचार आहे. ज्या प्रकारच्या यंत्रावर एसडीपी काढतात, त्यातल्या काही यंत्रांवर वेगळं किट लावून हे काम होतं. पंतप्रधानांनी १ जुलै २०२३ला शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. तपासण्या झाल्या, कार्डं वाटली गेली. पेठ-त्र्यंबकच्या कार्डवाल्या पोराला ऐन संकटात शहरातल्या अशा यंत्राचा उपयोग व्हावा, त्याचं किट सरकारने द्यावं, आणि रात्री कुणाला फोन करायचा ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहिलेलं असावं, यासाठी नवं काहीच विकत घ्यावं लागत नाही. हे ज्या जिल्ह्याला जमेल, त्याच्या हाती मी पेशी धुण्याचं यंत्र डोळे मिटून देईन.

म्हणून बोली अशी असावी. धुतलेली पिशवी कुणाला द्यायची याचे निकष एका पानावर छापून प्रत्येक इस्पितळात लावावेत, आणि मागणीच्या फॉर्मवर कारण लिहिल्याशिवाय पेढीने पिशवी धुऊ नये, मग फॉर्म कितीही मोठ्या डॉक्टरांचा असो. थॅलेसेमिया आणि सिकलच्या मुलांसाठी, आणि सरकारी बाळकक्षातल्या बाळांसाठी, धुण्याचा खर्च शून्य. खाजगी इस्पितळांकडून ठरलेला दर. खाजगी आणि विश्वस्त पेढ्यांच्या पिशव्यांना सरकारी पिशव्यांच्या रांगेतच जागा, मागे नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे. टेक्निशियनांचं प्रशिक्षण त्यांनी अंगावर घ्यावं, आणि कंत्राटी माणूस दर अकरा महिन्यांनी बदलू नये, कारण या कामात हात बसायला वेळ लागतो. किती पिशव्या धुतल्या, किती मुदत संपून टाकल्या, यंत्र किती तास बंद होतं, हे दर महिन्याला पेढीच्या दारावर लावावं. किटांची पहिल्या पाच वर्षांची तरतूद यंत्राच्याच ठरावात असावी. ती नसेल तर समितीतल्या कुणीतरी त्या ठरावाला विरोध नोंदवावा.